कायद्यातला शब्द आणि मनातला उद्देश : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या पत्रांत एक धागा सारखा दिसतो. 'माझ्या मनात तसे नव्हते' किंवा 'त्याच्या मनात आधीपासूनच खोट होती', असे बहुतेकांचे म्हणणे आहे. मनातले कायद्यात मोजले जाते का, हे त्या-त्या कलमात मनाबद्दल कोणता शब्द वापरला आहे यावर ठरते. म्हणून व्याख्येपासूनच सुरुवात करू.

प्रश्न : भारतीय न्याय संहिता वाचायला घेतली. कलम २ मध्ये एका शब्दापुढे 'म्हणजे' असते, दुसऱ्यापुढे 'यात समावेश होतो' असते. 'सद्भावपूर्वक' या शब्दाची तर व्याख्याच उलटी केली आहे. रोजच्या वापरातला अर्थ घेतला तर काय बिघडते?

'म्हणजे' आले की व्याख्येला कुंपण पडते. 'प्राणी' म्हणजे मनुष्य सोडून कोणताही सजीव जीव. हा अर्थ आपल्याला पटो न पटो, त्यात भर घालता येत नाही आणि त्यातून काही वगळताही येत नाही. 'समावेश होतो' असे असेल तर शब्दाचा नेहमीचा अर्थ कायम राहतो आणि त्यात आणखी काही जोडले जाते. 'व्यक्ती' या शब्दात कंपनी, मंडळ किंवा नोंदणी न झालेला समूहही येतो, याचा अर्थ हाडामांसाचा माणूस त्यातून वगळला असा होत नाही. व्याख्यांच्या सुरुवातीला 'संदर्भाने अन्यथा आवश्यक नसेल तर' असेही शब्द असतात. ते नजरेतून सुटतात. एखाद्या कलमात व्याख्येतला अर्थ बसवला तर वाक्य निरर्थक होत असेल, तेवढ्यापुरती ती व्याख्या बाजूला ठेवायची मुभा या शब्दांनी मिळते.

शब्दाचा अर्थ शोधण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी त्या कलमाखालचे स्पष्टीकरण वाचावे, मग त्याच कायद्याचे व्याख्यांचे कलम. तिथे शब्द नसेल तर त्या कायद्याने दुसऱ्या कायद्याकडे बोट दाखवले आहे का ते पाहावे. न्याय संहितेच्या कलम २(३९) ने माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या व्याख्या उसन्या घेतल्या आहेत. त्यानंतर केंद्रीय कायद्यांसाठी १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट पाहायचा. इतके करून काही हाती लागले नाही, तरच रोजच्या भाषेतला अर्थ.

हा क्रम चुकला तर काय होते, ते 'सद्भावा'वरूनच कळते. जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ३(२२) प्रमाणे प्रामाणिकपणे केलेली गोष्ट सद्भावाने केलेली मानतात, मग ती निष्काळजीपणाने केलेली का असेना. न्याय संहितेचे कलम २(११) सांगते, की योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा खरी मानलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येणार नाही. एका कायद्याला मनाचा सच्चेपणा पुरतो, दुसऱ्याला काळजी घेतल्याचा पुरावाही लागतो. १९६३ चा मुदत कायदाही काळजी मागतो. समजा, चुकीच्या न्यायालयात दावा लावण्यात दोन वर्षे गेली आणि तो काळ मुदतीतून वगळून हवा आहे. 'मी प्रामाणिकपणे लढत होतो' एवढ्याने तिथे भागत नाही. अधिकारक्षेत्राची चौकशी आधी केली होती का, असा प्रश्न येतोच.

प्रश्न : उद्देश, हेतू, जाणीव हे शब्द वर्तमानपत्रात एकाच अर्थाने येतात. कायद्यात त्यांत खरेच फरक आहे का? शिक्षेत फरक पडतो का?

खूपच पडतो. 'हेतू' म्हणजे कृत्यामागचे कारण : सूड, लोभ, मत्सर, कधी दयाही. 'उद्देश' म्हणजे कृत्यातून जो परिणाम व्हावा म्हणून ते केले, तो परिणाम. 'जाणीव' म्हणजे तो परिणाम हवा नसला तरी तो होण्याचा संभव आहे हे माहीत असणे. बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य (१९५६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तीन शब्द वेगळे करून दाखवले. हेतू हा सहसा गुन्ह्याचा घटक नसतो. तो सापडला तर पुराव्याची साखळी घट्ट होते, पण कृत्य आणि उद्देश सिद्ध झाले असतील तर हेतू न सापडल्यामुळे आरोपी सुटत नाही. चांगल्या हेतूनेही गुन्हा पुसला जात नाही. फार तर शिक्षा ठरवताना त्याचा विचार होतो.

आता एकाच परिणामाकडे, मृत्यूकडे, पाहू. कृत्यामागे मारण्याचा उद्देश असेल आणि न्याय संहितेच्या कलम १०१ मधला अपवाद लागू नसेल, तर तो खून. शिक्षा कलम १०३ प्रमाणे फाशी किंवा जन्मठेप. अचानक आणि गंभीर चिथावणीसारखा अपवाद लागू झाला तर तो खून न ठरणारा सदोष मनुष्यवध होतो. कलम १०५ तिथे पुन्हा दोन भाग करते. उद्देश होता तर जन्मठेप, किंवा किमान ५ आणि कमाल १० वर्षे कैद. फक्त जाणीव होती तर १० वर्षांपर्यंत कैद. दोन्हीत दंड आहे. उद्देशही नाही, जाणीवही नाही, केवळ बेदरकारपणा किंवा हयगय असेल, तर कलम १०६(१) आणि ५ वर्षांपर्यंत कैद. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना अशी हयगय झाली तर कमाल २ वर्षे. हयगयसुद्धा नाही, कायदेशीर काम कायदेशीर रीतीने आणि योग्य काळजी घेऊन चालले होते, तर कलम १८ खाली तो अपघात, गुन्हा नाही. मृत्यू एकच, पण मनाच्या स्थितीवरून त्याची इतकी उत्तरे निघतात.

'मला मारायचे नव्हते, फक्त जखमी करायचे होते', हा बचाव लोकांना वाटतो तितका भक्कम नाही. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९५८) या खटल्यात पोटावर भाल्याचा एकच वार झाला होता. न्या. विव्हियन बोस यांनी घालून दिलेली कसोटी आजही वापरतात. जखम कोणती आणि कुठे झाली? ती जखम करण्याचाच उद्देश होता का, की नेम चुकून ती झाली? आणि तशी जखम सामान्यतः मृत्यू घडवायला पुरेशी असते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकीय पुरावा देतो. आरोपीला शरीरशास्त्र किती कळत होते, हे तिथे पाहत नाहीत. म्हणून शवविच्छेदन अहवालात जखमेची खोली आणि जागा काय लिहिली आहे, यावर खटल्याचे पारडे फिरते.

'इच्छापूर्वक' हा शब्दही फसवा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ 'आपणहून'. कलम २(३३) मध्ये मात्र परिणाम घडवायचा उद्देश असला, किंवा वापरलेल्या साधनाने तो घडण्याचा संभव आहे हे माहीत होते, किंवा तसे मानायला कारण होते, तरी परिणाम 'इच्छापूर्वक' घडवला असे म्हणतात. संहितेतलेच उदाहरण घ्या. दरोडा घालणे सोपे जावे म्हणून रात्री वस्तीतल्या घराला आग लावली आणि माणूस मेला. आग लावणाऱ्याला नंतर वाईट वाटले असेल, तरी मृत्यू होण्याचा संभव त्याला माहीत होता, म्हणून तो त्याने इच्छापूर्वकच घडवला.

दारूचा प्रश्नही काही पत्रांत आहे. स्वतःहून घेतलेल्या नशेत असलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच 'जाणीव' होती असे कलम २४ मानते. 'उद्देश' मात्र कायदा आपोआप मानत नाही, तो परिस्थितीवरून काढावा लागतो. तोल जाण्याइतका किंवा काय करतो आहोत हे न कळण्याइतका माणूस झिंगला होता, हे पुराव्यात यावे लागते. बासदेवच्या खटल्यात ते आले नाही आणि खुनाची शिक्षा कायम राहिली.

प्रश्न : कार्यालयातल्या सहकाऱ्याने न विचारता माझी मोटारसायकल नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून लावली. 'परत द्यायचीच होती, मग चोरी कशी?' असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

नुसत्या तेवढ्यावर बरोबर नाही. कलम ३०३(१) मधल्या चोरीचे घटक असे : वस्तू जंगम हवी, ती कोणाच्या तरी ताब्यात हवी, त्याची संमती नको, नेण्यामागे अप्रामाणिक उद्देश हवा, आणि वस्तू हलवलेली हवी. हे सगळे जमले की हलवली त्याच क्षणी चोरी पुरी होते. 'कायमची नेण्याचा उद्देश' हा शब्द या यादीत कुठेच नाही, हे नीट पाहा.

प्यारेलाल भार्गव विरुद्ध राजस्थान राज्य (१९६३) या प्रकरणात एका सरकारी कर्मचाऱ्याने कार्यालयातली फाइल बाहेर नेऊन दुसऱ्याला दिली. तिच्यातली कागदपत्रे बदलली गेली आणि फाइल थोड्याच अवधीत जागेवर आली. ताबा तात्पुरता गेला तरी ती चोरीच, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. त्याआधी १९५७ मध्ये के. एन. मेहरा प्रकरणात हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींनी परवानगी नसताना विमान उडवून नेले आणि ते पाकिस्तानात उतरवले. विमान कायमचे ठेवून घ्यायचे नव्हते, पण तात्पुरता फायदाही गैरलाभ असू शकतो, असे तिथे ठरले.

सगळे येऊन अडते ते 'अप्रामाणिकपणे' या शब्दावर. त्याचा अर्थ कलम २(७) मध्ये आहे : कोणाला गैरलाभ किंवा कोणाला गैरहानी करण्याच्या उद्देशाने केलेले कृत्य. गैरलाभ म्हणजे ज्या मालमत्तेवर हक्क नाही ती बेकायदा मार्गांनी मिळवणे. २(३८) प्रमाणे हक्क नसलेली वस्तू ठेवून घेणेही त्यात येते आणि कोणाला त्याच्या वस्तूपासून दूर ठेवणे ही गैरहानी. तेव्हा तपासायचे प्रश्न असे : पूर्वी तुम्ही त्याला गाडी देत होतात का? 'न विचारता ने' अशी सवय तुमच्यात होती का? किल्ली कुठून घेतली? जाताना कोणाला सांगितले का? तुमची संमती गृहीत धरायला त्याच्याकडे खरे कारण असेल तर अप्रामाणिकपणा नाही आणि चोरीही नाही. किल्ली लपवून काढली असेल, विचारल्यावर आधी नाकबूल केले असेल, तर गाडी परत आणून लावल्याने बचाव होत नाही.

आपलीच वस्तू समजून चुकून उचलली तर चोरी होत नाही. पण चूक कळल्यावर ठेवून घेतली, तर कलम ३१४ खाली अप्रामाणिक अपहार होतो. चोरीत उद्देश नेण्याच्या क्षणी लागतो, अपहारात तो नंतर आला तरी पुरतो. उलट आपल्या मालकीच्या वस्तूचीही चोरी होऊ शकते. दुरुस्तीला दिलेले घड्याळ दुरुस्तीदार पैसे मिळेपर्यंत कायदेशीरपणे अडकवून ठेवतो. पैसे बुडवण्यासाठी मालकाने ते गुपचूप उचलले, तर चोर ठरतो तो मालकच. कारण चोरीची व्याख्या मालकीवर नाही, ताब्यावर बेतलेली आहे.

प्रश्न : ओळखीच्या माणसाने व्यवसायासाठी पैसे घेतले. दोन वर्षे झाली, परत देत नाही. पोलीस म्हणतात, हा दिवाणी वाद आहे. फसवणूक ती फसवणूक, त्यात दिवाणी काय?

पैसे बुडाल्याचा राग समजतो. पण कलम ३१८ ची मांडणी अशी आहे : आधी खोटे भासवणे, त्याला भुलून तुम्ही पैसे देणे, आणि भासवताना मनात अप्रामाणिक किंवा कपटी उद्देश असणे. हा उद्देश पैसे घेतानाच असावा लागतो. हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य (२०००) या निकालात हे स्पष्ट आहे. वचन पाळले नाही एवढ्यावरून ते देतानाच खोटे होते असे मानता येत नाही. नंतर धंदा बसला, नंतर नियत बिघडली, तर तो करारभंग, आणि त्यासाठी दिवाणी दावा.

तक्रार फसते ती बहुधा लिहिण्यात. तीन पाने 'वारंवार मागणी केली, टाळाटाळ केली' यात जातात आणि पैसे देण्याच्या दिवशी काय सांगितले गेले, ते एका ओळीत उरकलेले असते. खरे तर त्या दिवसाबद्दलच तपशील हवा. कोणती गोष्ट खरी म्हणून सांगितली? ती तेव्हाच खोटी होती, हे कोणत्या कागदावरून दिसते? दाखवलेला परवाना, मागणीपत्र किंवा सातबारा बनावट होता का? तीच जागा आधीच दुसऱ्याला विकलेली होती का? पैसे मिळाल्या-मिळाल्या व्यवसायाऐवजी भलतीकडे वळवले का? त्याच काळात आणखी लोकांना हेच सांगून पैसे घेतले का? यांतल्या एक-दोन गोष्टी कागदावर दाखवता आल्या, तर सुरुवातीचा उद्देश उभा राहतो.

'फसवणूक आणि न्यासभंग दोन्ही लावा' असाही आग्रह तक्रारदार धरतात. न्यासभंगात मालमत्ता आधी विश्वासाने, कायदेशीरपणे सोपवलेली असते आणि नियत नंतर बिघडते. फसवणुकीत नियत आधीपासूनच वाईट असते. एकाच व्यवहाराच्या त्याच तथ्यांवर दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लब प्रकरणात २०२४ मध्ये बजावले. ज्याचे तथ्य तुमच्याकडे आहे, ते एकच नीट मांडा.

आणि वसुलीच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षांची असते. तुमची दोन वर्षे गेली आहेत. फौजदारी तक्रारीच्या मागे धावताना तिसरे वर्ष उलटू देऊ नका.

प्रश्न : खात्यात पैसे येणार होते म्हणून धनादेश दिला, ते आले नाहीत आणि धनादेश परत गेला. फसवायचा उद्देश अजिबात नव्हता. हे सिद्ध केले तर सुटका होईल ना?

नाही. परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ उद्देश विचारतच नाही. कलम १४० तर सरळ सांगते, की धनादेश देताना तो परत जाईल असे मानायला कारण नव्हते, हा बचावच होऊ शकत नाही. मागच्या प्रश्नातल्या फसवणुकीशी याची गल्लत नको. तिथे उद्देशाशिवाय गुन्हाच उभा राहत नाही, इथे उद्देश नसला तरी २ वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

तुमचा बचाव तारखांत आणि देण्यात शोधा. धनादेश ३ महिन्यांच्या आत बँकेत टाकला होता का? परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस निघाली का? नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर गुन्हा पुरा होत नाही. ही तुमच्या हातातली सर्वांत मोठी सवलत आहे. ते १५ दिवस संपल्यावर तक्रारीला एक महिना मिळतो, आणि उशीर झाला तर त्याला पुरेसे कारण होते हे न्यायालयाला पटवावे लागते. धनादेश कायदेशीर देण्यापोटी होता असे कलम १३९ गृहीत धरते. हे गृहीतक तुम्ही खोडू शकता, आणि तेही निर्विवादपणे नव्हे, अधिक संभाव्य काय ते दाखवून. धनादेश दिल्यानंतर काही रक्कम फेडली असेल तर तिची पावती शोधा. तशी नोंद धनादेशावर न करता पूर्ण रकमेसाठी तो बँकेत टाकला, तर कलम १३८ लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

प्रश्न : कायदा माहीतच नव्हता, तर उद्देश कुठून आला?

कायद्याचे अज्ञान आणि वस्तुस्थितीची चूक वेगळी ठेवा. न्याय संहितेची कलमे १४ आणि १७ वस्तुस्थितीच्या चुकीला सद्भावाच्या अटीवर माफ करतात. कायद्याच्या चुकीला करत नाहीत. शिवाय काही कायदे उद्देश मागतच नाहीत. महाराष्ट्र राज्य विरुद्ध एम. एच. जॉर्ज (१९६५) या खटल्यात झुरिचहून मनिलाला निघालेल्या प्रवाशाकडे मुंबईत थांबलेल्या विमानात ३४ किलो सोने सापडले. सोन्याची नोंद विमानाच्या मालयादीत हवी, ही अधिसूचना २४ नोव्हेंबर १९६२ ला प्रसिद्ध झाली होती आणि तो निघाला २७ तारखेला. तिची माहिती त्याला नव्हती. तरीही बहुमताने त्याला दोषी ठरवले, कारण परकीय चलनाच्या कायद्याचा रोख देशाची गंगाजळी वाचवण्यावर होता आणि उद्देशाची अट घातली तर तो कायदाच पांगळा झाला असता. न्या. सुब्बा राव यांचे मत मात्र वेगळे होते.

त्यांनीच पुढे नथुलाल प्रकरणात धान्य व्यापाऱ्याला सोडले. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, शुल्क भरले होते, विवरणपत्रे नियमित पाठवली होती आणि परवाना मिळेल या समजुतीने तो साठा करत होता. आम्हाला हीच दिशा अधिक न्याय्य वाटते : कायद्याने उद्देश स्पष्टपणे वगळला नसेल तर तो आवश्यक मानावा. पण अलीकडे अनेक कायदे उद्देश वगळत नाहीत, तर तो होता असे गृहीत धरून नसल्याचा भार आरोपीवर टाकतात. जीवनावश्यक वस्तू कायद्याचे कलम १०-क आणि अमली पदार्थ कायद्याचे कलम ३५ असेच आहे. म्हणून अर्ज, पोच आणि पत्रव्यवहार जपून ठेवा. तोच तुमच्या मनाचा साक्षीदार असतो.

प्रश्न : वडिलांनी अडचणीत मुदत खरेदीखत करून जमीन लिहून दिली. आमच्या समजुतीने ते गहाण होते. समोरचे म्हणतात, खरेदी झाली, विषय संपला. कागदाचे नाव महत्त्वाचे की वडिलांचा उद्देश?

नावाला फार महत्त्व नाही. पण उद्देश आधी कागदातूनच काढायचा असतो, आठवणीतून नव्हे. चुनचुन झा विरुद्ध एबादत अली (१९५४) या निकालाचा नियम असा : दस्तातले शब्द स्पष्ट असतील तर तेच अंतिम, संदिग्ध असतील तरच आजूबाजूची परिस्थिती पाहायची.

दस्त हातात घ्या आणि सर्वांत आधी फेरखरेदीची अट, म्हणजे पैसे परत दिले की जमीन परत मिळेल ही अट, कुठे आहे ते पाहा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८(क) ला १९२९ मध्ये जोडलेली पुरवणी सांगते, की ही अट विक्रीच्याच दस्तात असल्याशिवाय व्यवहार गहाण ठरणार नाही. ती वेगळ्या कागदावर असेल, त्याच दिवशीचा कागद असला तरी, गहाणाचा मुद्दा तिथेच संपतो. पण अट त्याच दस्तात आहे म्हणून तो आपोआप गहाण होतो, असेही नाही. मग पुढच्या खुणा : किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी होती का? जमीन कसत कोण राहिले? सारा कोणी भरला? सातबाऱ्यावर नाव चढवायची घाई झाली का, की वर्षानुवर्षे कोणी विचारलेच नाही? दस्तात 'कर्ज', 'व्याज' असे शब्द आहेत का? जितके दिले तितकेच, किंवा त्यावर व्याज लावून, परत मागितले आहे का?

हा फरक थेट मुदतीत दिसतो. गहाण ठरले तर ते सोडवण्याच्या दाव्याला ३० वर्षे मिळतात. विक्री आणि फेरखरेदीचा करार ठरला, तर दस्तात लिहिलेल्या मुदतीतच पैसे घेऊन उभे राहावे लागते आणि दाव्याला ३ वर्षे. तोंडी पुराव्याने दस्तातल्या अटी बदलता येत नाहीत, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ९५. मात्र हा दस्त अमलात आणायचाच नव्हता, खरा व्यवहार वेगळाच होता, हे सांगायला तोंडी पुरावा चालतो. गंगाबाई विरुद्ध छबूबाई (१९८२) याच मुद्द्यावर आहे. समोरचा माणूस विनापरवाना सावकारी करणारा असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा निबंधकाकडे तक्रार करण्याचा मार्गही पाहा.

प्रश्न : मृत्युपत्रात कायदेशीर शब्द नसतील तर ते टिकते का?

टिकते. भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ७४ म्हणते, की पारिभाषिक शब्दांची गरज नाही, करणाऱ्याचा उद्देश शब्दांवरून समजला म्हणजे झाले. एखादे वाक्य सुटे काढून अर्थ लावायचा नाही, संपूर्ण मृत्युपत्र एकत्र वाचायचे, हे कलम ८२. दोन कलमे एकमेकांशी जुळतच नसतील तर मृत्युपत्रात शेवटचे कलम टिकते, कारण तीच करणाऱ्याची अखेरची इच्छा. खरेदीखतात किंवा बक्षीसपत्रात याच्या उलट, आधी दिलेले नंतरच्या वाक्याने काढून घेता येत नाही.

उद्देशाला इतकी मोकळीक असली तरी सहीला नाही. किमान दोन साक्षीदार हवेत, आणि प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले तरी हवे किंवा ही आपलीच सही, असे त्याच्या तोंडून ऐकलेले तरी हवे. सह्या झाल्यावर पेनाने केलेली खाडाखोड किंवा मधेच घातलेले नाव, मनातली इच्छा कितीही खरी असली तरी, धरले जात नाही. बदल करायचा असेल तर त्या जागेजवळ किंवा समासात पुन्हा स्वतःची आणि साक्षीदारांची सही घ्यावी. बदल दोनापेक्षा जास्त असतील तर सरळ नवे मृत्युपत्र लिहावे आणि त्यात आधीचे रद्द केल्याचे तारखेसह नमूद करावे.